बेरोजगारीचा आकडा कसा मोजतात, आणि त्यात आपण नेमके कुठे असतो

जुलै २०२५ मधली गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या दारात एक ताई आल्या, हातात टॅब, गळ्यात आयकार्ड, म्हणाल्या सांख्यिकी कार्यालयाकडून आलेय, रोजगाराच्या सर्वेसाठी तुमचं घर निवडलं गेलंय. बायकोने पाणी दिलं, त्या बसल्या, आणि घरातल्या एकेकाचं विचारत विचारत माझ्यापर्यंत आल्या. "गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?" मी म्हटलं नाही, फेब्रुवारीत कंपनीने कमी केलं, तेव्हापासून घरीच आहे. त्यांनी परत विचारलं, "घरच्या दुकानात, शेतात, थोडा वेळ तरी?" आता आमच्या दादाचं खाली झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, आम्ही एकत्रच राहतो, आणि शाळा सुटायच्या वेळेला गर्दी होते तेव्हा मी तासदीडतास बसतो. पैसे अर्थातच घेत नाही. तसं सांगितलं. त्यांनी टॅबवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही कामात धरले जाल."

मी नऊ वर्षं एका कंपनीत क्वालिटीला होतो, पाच महिन्यांपासून एक रुपया घरात आणला नव्हता, आणि देशाच्या हिशोबात मी बेरोजगार नव्हतो. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मी हा सगळा प्रकार वाचायला घेतला, आणि जे समजलं ते इथे लिहितोय, कारण सध्या दर महिन्याला बातमी येते की बेरोजगारीचा दर इतके इतके टक्के, आणि घरी बसलेला माणूस ती वाचून एकच अर्थ काढतो की सगळ्यांना काम आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तसं नाहीये.

बेरोजगार म्हणायचं कुणाला

एसटी स्टँड डोळ्यासमोर आणा. काही लोक गाडीत बसलेत, काही फलाटावर उभे राहून गाडीची वाट बघतायत, आणि काही जण दोन तास थांबून "आज काही गाडी येत नाही" म्हणत घरी परत गेलेत. गाडीत बसलेले म्हणजे काम असलेले. फलाटावर उभे असलेले म्हणजे बेरोजगार. या दोघांना मिळून श्रमशक्ती म्हणतात. बेरोजगारीचा दर म्हणजे श्रमशक्तीतल्या शंभर माणसांमागे फलाटावर किती जण उभे आहेत तो आकडा. जे घरी परत गेले ते या हिशोबातच नाहीत, वरच्या आकड्यात नाहीत आणि खालच्याही नाहीत. त्यामुळे दहा जण कंटाळून घरी गेले तर दर कमी होतो, एकालाही नवीन काम न मिळता.

दुसरी गोष्ट, गाडीत बसलेला म्हणजे खिडकीजवळच्या सीटवर बसलेलाच असं नाही. दारात लटकलेला, टपावर बसलेला, सगळे "गाडीत". आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल तर त्या आठवड्यापुरता माणूस कामात धरतात. घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी हात लावला तरी ते काम. माझ्या दीड तासाचं तेच झालं.

आणि अजून एक फरक आहे जो बातम्यांमध्ये नीट सांगत नाहीत. एकच सर्वे दोन पद्धतींनी मोजतो, एकदा मागच्या सात दिवसांवर आणि एकदा मागच्या वर्षभरावर. वर्षभराच्या पद्धतीत बघतात की तुमचा जास्त काळ कशात गेला. जुलै ते फेब्रुवारी मी कामावर होतो, म्हणजे सात महिने काम आणि पाच महिने शोध, म्हणून त्याही हिशोबात मी रोजगारात. २०२३-२४ चा बेरोजगारीचा ३.२ टक्के हा आकडा वर्षभराच्या पद्धतीचा आहे, आणि एप्रिल २०२५ पासून जो दरमहा येतो (पहिल्या महिन्याचा ५.१ टक्के होता) तो सात दिवसांचा. हे दोन शेजारी ठेवून "वाढली" किंवा "घटली" म्हणणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज करणं.

मग आकडा खोटा आहे का?

नाही. मलाही आधी रागाने तसंच वाटलं होतं. एका तासाचा नियम जगभर वापरतात, कारण कुठेतरी रेघ मारावी लागते आणि सगळ्या देशांनी एकाच जागी मारली तरच तुलना होते. आकडा त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तो प्रश्न असा आहे की किती लोक काम शोधतायत पण त्यांच्याकडे अजिबात काम नाही. आपल्या मनातला प्रश्न वेगळा असतो, की माझं शिक्षण, माझं वय, माझं घर बघता पुरेल असं काम आहे का. त्याचं उत्तर या टक्क्यात नाही, त्यासाठी दुसरे रकाने बघावे लागतात. उदाहरणार्थ २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५८ टक्क्यांच्या आसपास, स्वयंरोजगारात होते, आणि त्यात मोठे कारखानदार फार थोडे, बाकी शेतकरी, टपरीवाले, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी माणसं, विशेषतः बायका. ज्या घरात पगार येत नाही तिथलं माणूस रिकामं बसत नाही, ते कशाला तरी लागतं. आपल्याकडे आकडा लहान दिसतो त्याचं मोठं कारण हे आहे.

शिकलेली पोरंच जास्त बेकार का?

हे वाचून मला धक्काच बसला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर २०२४ मध्ये भारताच्या रोजगाराचा अहवाल काढला, त्यात २०२२ साली पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. लोक लगेच म्हणतात की बघा, शिकून काय उपयोग. पण निरक्षर पोराला बेकार राहणंच परवडत नाही, तो मिळेल त्या रोजावर मजूर अड्ड्यावर उभा राहतो. पदवीधराला वाट बघता येते कारण मागे कुणीतरी डबा पाठवणारं असतं. आणि तो वाट बघतो कारण आईबापाने जे पैसे घातले त्याच्या तोलामोलाचं काम मिळावं असं वाटतं, त्यात चूक काही नाही. पण त्या तोलाच्या जागा तेवढ्या निघत नाहीत. आपल्या राज्यात २०२४ च्या पोलीस भरतीला सतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. शंभरात एक. उरलेले नव्याण्णव नालायक आहेत असं कुणी म्हणू शकतं का?

पगारासोबत अजून काय जातं

ताई ऑगस्टमध्ये परत आल्या, कारण नवीन पद्धतीत एका घराला लागोपाठ चार महिने भेट देतात. त्या आठवड्यात मी चाकणला मित्राच्या खोलीवर राहून इंटरव्ह्यू देऊन आलो होतो, दुकानात बसलो नव्हतो, म्हणून त्या वेळी मी बेरोजगार. सप्टेंबरमध्ये आल्या तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. "या आठवड्यात काम शोधलं?" नाही. "मिळालं असतं तर केलं असतं?" मी म्हटलं, नाही, आत्ता नको. खरंच तसं वाटत होतं. चारपाच ठिकाणांहून "कळवतो" म्हणून कुणीच कळवलं नव्हतं, सकाळी दहापर्यंत उठवत नव्हतं, दाढी आठवड्यातून एकदा, आणि आंघोळ कधी केली ते आठवायला लागायचं. त्या महिन्यात मी श्रमशक्तीच्याच बाहेर गेलो. म्हणजे माझी अवस्था सगळ्यात वाईट होती तेव्हा मी बेरोजगारही उरलो नव्हतो.

याच अवस्थेवर एक जुना अभ्यास आहे, आणि तो वाचून मला फार आधार मिळाला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाज-मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे गेले, गावाचं बारीक निरीक्षण केलं आणि १९३३ मध्ये ते छापलं. त्यांना वाटलं होतं मोकळा वेळ मिळाला की लोक वाचतील, चळवळी करतील. झालं उलटंच. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं. खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला तर पुरुष हळू चालायचे, सारखे थांबायचे. बायका भराभर चालायच्या, कारण त्यांचं घरचं काम सुटलेलं नव्हतं. दिवसभरात काय केलं ते लिहा म्हटलं तर पुरुषांना आठवायचंच नाही.

मारिएनथाल आपल्याला लांबचं वाटतं, पण १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांपैकी कितीतरी जण परत कधी गिरणीत गेलेच नाहीत, त्यांच्या घरांनी हेच बघितलंय. गिरणीचा भोंगा फक्त कामगारांसाठी नसायचा, अख्खा लालबाग-परळ त्यावर उठायचा, डबे भरायचा, चूल पेटवायचा. भोंगा गेला की दिवसाला कडाच उरत नाही.

याहोदा यांनी पुढे हेच मांडलं की नोकरी पगाराबरोबर अजून पाच गोष्टी देते आणि त्या आपल्या लक्षातच येत नाहीत: दिवसाला वेळेची घडी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचं बोलणं, चारचौघांनी मिळून काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक ओळख, आणि हातापायांना सवयीचं काम. नोकरी गेली की हे सगळं एका दिवसात जातं. जूनमध्ये पोराच्या शाळेचा फॉर्म भरत होतो, "वडिलांचा व्यवसाय" या रकान्यापाशी पेन थांबलं आणि मी तो फॉर्म बायकोकडे सरकवला. त्यात माझा स्वभाव बिघडलेला नव्हता. पाय मोडल्यावर माणूस लंगडतो तेवढंच ते साधं होतं.

म्हणून सांगतो, आधी करियरची दिशा वगैरे शोधत बसू नका, आधी दिवसाला कडा आणा. मी दादाला सांगितलं की सकाळी साडेनऊला दुकानाचं शटर मी उघडणार, रोज. एवढंच. त्यासाठी उठावं लागायचं, दाढी करावी लागायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं लागायचं. पंधरा दिवसांत फरक पडला. आणि ज्यांना याच्याही पलीकडचं अंधारून आलंय, जीव नकोसा वाटतोय, त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, आजच करा.

पैशाचं काय

घाबरून पहिल्याच महिन्यात पीएफ काढू नका. मी काढायला निघालो होतो, आमच्या अकाउंट्सच्या काकांनी अडवलं. म्हणाले, तुझी सर्व्हिस नऊ वर्षं दोन महिने झालीय, पीएफमध्ये जो पेन्शनचा भाग असतो त्याला दहा वर्षं लागतात, आत्ता फॉर्म १० सी भरून ते पैसे उचललेस तर नऊ वर्षं पाण्यात. नवीन नोकरी लागली की तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) दे, जुनं खातं जोडून घे, दहा महिन्यांत तुझा हक्क तयार. माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला. अगदीच अडलं तर पीएफच्या रकमेतून गरजेपुरतं घ्या, पण पेन्शनला हात लावायच्या आधी वर्षं मोजा.

ज्यांचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) मर्यादेत होता (महिना २१ हजारांपर्यंत) त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ पासून. नोकरी गेली तर रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. माझ्याबरोबर कमी केलेल्या कंत्राटी पोरांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आलेत, त्यामुळे ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा आणि अर्ज करा, पगारातून कापलेत तुमचे. कर्जाचा हप्ता असेल तर चेक बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जा, नंतर गेलं की बोलण्याची जागा राहत नाही.

"सरकारकडून घ्यायचं म्हणजे लाज वाटते" असं बरेच जण म्हणतात. त्यांनी आपली जुनी सॅलरी स्लिप काढून बघावी. महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापलेला दिसेल. हा कर राज्यात १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला जात होती, त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि देशाने २००५ मध्ये त्याच धर्तीवर आपला कायदा केला. शहरातल्या पगारदाराने गावाकडच्या बिनकामाच्या माणसासाठी दिलेले ते पैसे होते. काम नसणं हा त्या माणसाचा गुन्हा नाही हे या राज्याने तेव्हाच मान्य केलंय, मग आपल्यावर वेळ आली की लाज कसली.

"आमच्या ओळखी नाहीत हो"

ओळख म्हणजे आमदार नव्हे. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की लोकांना नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त लागते. कारण सोपं आहे, जवळचे सगळे एकाच विहिरीचं पाणी भरतात. माझे चारही मित्र माझ्याच कंपनीतले, त्यातले दोघे माझ्याबरोबरच कमी झाले, ते मला काय नवीन सांगणार? लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या विहिरीवरचा असतो. लिंक्डइनवर दोन कोटी लोकांवर झालेला याच विषयाचा प्रयोग २०२२ मध्ये छापून आला, त्यातही तेच निघालं.

आपल्याकडे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. आपण नोकरी गेल्याचं लपवतो. मी सोसायटीत तीन महिने सांगत होतो की वर्क फ्रॉम होम आहे, क्वालिटी इन्स्पेक्टरला कसलं आलंय वर्क फ्रॉम होम. ज्याला माहीतच नाही तो खबर देणार कशी? शेवटी एका संध्याकाळी फोनमधले नंबर वरून खाली चाळले आणि ज्यांच्याशी वर्षभर बोललो नव्हतो अशा तीसेक जणांना साधा मेसेज टाकला: फेब्रुवारीपासून मोकळा आहे, नऊ वर्षं गेज आणि इन्स्पेक्शन केलंय, काही कानावर आलं तर सांगा. "कुठे जॉब असेल तर बघा ना" असं मोघम लिहिलं की समोरच्याला आपल्यासाठी काय बघायचं तेच कळत नाही, म्हणून काय येतं ते लिहायचं.

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी: अजून किती फूट?

माझा मावसभाऊ सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून सहावं वर्ष अभ्यासिकेत काढतोय, त्याला डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. आमच्या मूळ गावाकडे बोअर मारतात तेव्हा तीनशे फुटांवर फुफाटाच निघत असेल तर मालक म्हणतो, एवढे पैसे गेलेत, अजून शंभर मारा. पण गेलेले तीनशे फूट खाली पाणी आणत नाहीत. पुढचे शंभर मारायचे का, हे खाली पाणी असायची शक्यता किती आणि खिशात किती उरलंय एवढ्यावरच ठरवायचं. अर्थशास्त्रात त्या गेलेल्या पैशाला बुडीत खर्च म्हणतात, आणि माणूस बऱ्याच चुका तो धरून बसल्यामुळे करतो.

"म्हणजे सोडून देऊ?" असं मी म्हणत नाहीये. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेसाठी ३८ वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणून ३८ पर्यंत थांबलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. किती फूट ते आधी ठरवा, तारीख वहीत लिहा, आणि घरी सांगून ठेवा. दरवर्षी मार्क कटऑफच्या जवळ जातायत का लांब, ते कागदावर मांडा. आणि तयारी चालू असतानाच काहीतरी छोटं कमावतं काम धरा, कारण सहा वर्षं नुसत्या खुर्चीत बसलेल्या पोराचंही वर सांगितलेल्या मारिएनथालसारखंच होतं. अप्रेंटिसशिप आहे, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, त्यात बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला १० हजार महिना विद्यावेतन ठरलं. ही पक्की नोकरी नाही आणि मुदत संपल्यावर पुढे काय, ही पोरांची तक्रार रास्तच आहे. पण तिथे ऑफिस कसं चालतं ते आतून दिसतं आणि वीसेक नवीन माणसं ओळखीची होतात, ते अभ्यासिकेत होत नाही.

घरच्यांसाठी

"काय झालं, लागलं का कुठे?" हा प्रश्न रोज विचारू नका. विचारायचंच असेल तर आठवड्यातून एक वार ठरवा, आमच्याकडे रविवार होता, बाकी सहा दिवस विषय बंद. माझ्या बायकोने पहिल्या दिवसापासून माझा डबा भरणं चालू ठेवलं, एरवी मी कामावर असताना भरायची तसाच, आणि मी तो दुकानात नेऊन एक वाजता खायचो. ती याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

तीसमधला एक मेसेज

सव्वीस जणांनी "नक्की सांगतो" म्हटलं, तिघांनी वाचूनही उत्तर दिलं नाही. एकाचा फोन आला. तो कॅलिब्रेशनवाला, आमच्या कंपनीत वर्षातून दोनदा यायचा, मायक्रोमीटर आणि व्हर्नियर बरोबर माप दाखवतात का ते तपासून स्टिकर लावून जायचा, आमचं बोलणं चहापुरतं. तो म्हणाला आमच्या लॅबला गेज ओळखणारा माणूस हवाय, पगार कमी आहे पण ये. पगार खरंच नऊ हजारांनी कमी होता. मी दोन दिवस घोळवलं, पडेल ते काम घेतलं तर आधीचा अनुभव वाया जाईल का, लोक काय म्हणतील. मग लक्षात आलं की नऊ वर्षं मी दुसऱ्याने तपासलेल्या मापाने पार्ट मोजत होतो, आणि हे काम त्या मापाच्याच मुळाशी जाणारं आहे, ते मला घरात पलंगावर पडून कधीच सुचलं नसतं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्याच बारा-पंधरा कंपन्यांमध्ये आता मी जातो, प्रत्येक ठिकाणी नवीन माणसं भेटतात.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, सर्वेवाल्या ताई चौथ्यांदा आल्या. मी घरी नव्हतो. बायकोने सांगितलं, कामावर गेलेत, आठ तारखेपासून. ताईंनी टॅबवर टिचकी मारली. त्यांच्या नोंदीत मी जुलैतही कामात होतो आणि ऑक्टोबरमध्येही कामातच. जाताना मात्र त्या बायकोला म्हणाल्या, "बरं झालं हो, मागच्या वेळी फार उतरलेले दिसले होते."